गिऱ्ह्याचा नंबर

पोरगी म्हणजे काय सांगावं! साधी शिंक आली तरी आधी तोंड वर करायची, डोळे मिटायची, ओढणी सावरायची, आन् अशी उभी राहायची का वाटावं आता कीर्तनच सुरू होते. रंजिता राठोड तिचं नाव. महागावच्या पलीकडं दीड कोसावरच्या तांड्यातली. पुसदले एसटीनं जाऊन-येऊन बीए झाली आन् तहसीलसमोरच्या रामलालच्या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगले बसली. दिवसभर लोकायचे अर्ज. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, वारसाचा दाखला, हयातीचा दाखला. जिता माणूस समोर पान चघळत उभा, आन् रंजिता त्याच्या नावानं टाइप करून राह्यली का 'मी जिवंत आहे, करिता अर्ज'. असं रोज पाहिलं का माणूस एक तर चिडका होते नाही तर कादंबरी लिहिते. रंजितानं कादंबरी लिहिली. चिडकी तर ती आधीपासूनच होती.

दुकानात रोज पाच-पंचवीस झेरॉक्स बिघडायच्या. रंजिता ती पानं घरी न्यायची आन् पाठकोऱ्या बाजूनं लिहायची. हिरव्या पेनानं. निळ्या पेनानं कोणीबी लिहिते म्हणे. पानं जमली का पोतं शिवायच्या दाभणानं शिवायची. होता होता गठ्ठा उशीएवढा झाला. एसटीत तो मांडीवर धरून वरून ओढणी टाकायची. शेजारची बाई एकदा कौतुकानं विचारते, "किती महिन्याचं हाये वं?"

"तीन वर्षाचं," रंजिता म्हणे. त्या बाईनं पुढच्या स्टॉपवर जागा बदलली.

त्या गठ्ठ्यात पाच भुतं होती, आन् पाचही बिनकामाची. एक मुंजा. त्यानं पिंपळावर राहावं, तर त्याले उंचीची भीती, चढला का चक्कर. मंग खाली पारावरच बसून राहायचा आन् लोक त्याले प्रसाद द्यायचे. एक हडळ. हडळीचे पाय उलटे असतात, हिचे मेल्यापासून सरळ, म्हणून कोणी भ्यायलेच तयार नाही. एक चकवा. त्याचं काम लोकायले रानात वाट चुकवायचं, पण चुकायचा तोच, आन् दर खेपेले महागावच्या बसस्टँडवर निघायचा. एक खवीस, दात पडलेला, त्याले ज्वारीच्या कण्याच पचायच्या. आन् पाचवा गिऱ्हा. गिऱ्हा म्हणजे विहिरीत राहून माणसाचा पाय ओढणारं पाण्यातलं भूत. पण विहिरी पडल्या कोरड्या. तर हा बिचारा फवारणीच्या पंपात राहाले गेला. तिथी निदान पंधरा लिटर तरी होतं.

ते वर्षंच तसे होते. कापसाच्या बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आन् माणसाच्या जिवात एवढी भीती का तिच्यात आणखी एका भुताले जागा उरली नव्हती. मसणात गर्दी, पिंपळावर फांदी मोकळी भेटत नाही. शेवटी रंजिताचे पाचही जण यवतमाळले मोठ्या कचेरीत निघाले, भूत असल्याचा दाखला काढाले. दाखला असला का लोक भेतात, हा सल्ला चकव्याचा. आता चकव्याच्या सल्ल्यानं जो चालला त्याचं काय होते ते तुम्ही समजा. खिडकीतला बाबू विचारते, "मृत्यूचा पुरावा?" हडळ म्हणते, "साहेब, मीच." बाबू म्हणते, "तुम्ही तर उभ्या आहात. आधी हयातीचा दाखला आणा, तो रद्द करू, मग बघू. टोकन घ्या, तिकडं बसा."

हे सगळ्यात जास्त कोणाले आवडावं? तिच्या बापाले. नेमसिंग राठोड, अक्षराची ओळख नाही, पण कान कसे, तर मोहाचं फूल कोणत्या झाडाखाली पडलं ते ऐकून सांगावं. दुसऱ्यायच्या वावरात फवारणीले रोजानं जायचा. सुटीच्या दुपारी अंगणातल्या बाजेवर पडून म्हणायचा, "वाच वं छोरी, तुहे भुतं कुठवर पोहोचले?" रंजिता गळा साफ करून, म्हणजे ते कीर्तनाचं सगळं करून, वाचायची.

गिऱ्हा आला का नेमसिंग उठून बसायचा. काहून, तर त्या गिऱ्ह्याची एक सवय होती. कोणतंबी काम सांगितलं, पाय ओढाचं असो का रांगेत उभं राहाचं, तो आधी म्हणायचा, "थांब, बिडी होऊ दे."

"हा मीच हाये ना वं?" एका दुपारी नेमसिंगनं विचारलं.

रंजिताले हसू आवरलं नाही. "हो बापू. तूच."

चुलीपाशी तिची याडी, म्हणजे आई, जमनी होती. ती पिठाच्या हातानंच धावली, उंबऱ्याबाहेर तीनदा थुंकली. "जित्या माणसाचं नाव भुताले लावते का? जीभ झडो तुही! तांड्यात कोणी करते का असं?"

नव्हतंच करत कोणी. मेल्याचं नाव मेल्याच्या दिवशी, जित्याचं जित्याच्या, दोन्ही एका ताटात वाढत नाहीत, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालेबी माहीत. पण बाप-लेकीनं मिळून जमनीलेच हसून वाटेले लावलं. नेमसिंग तर तांडाभर सांगत फिरला का मी पुस्तकात हाये. तांड्याच्या मुखियापाशी, म्हणजे नायकापाशी गेला, म्हणे, "तू नायक असशीन, पण पुस्तकात मी हाये."

मंग ते वर्ष आलं. पराटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेली. हवा दमट, कोंदट, पान हालत नाही. एवढ्या उंच पराटीवर औषध मारायचं म्हणजे नळी वर धरायची, आन् वरून ते आपल्याच तोंडावर. नेमसिंगनं नाकाले दुपट्टा बांधला होता. तेवढंच होतं त्याच्यापाशी, आन् तोबी औषधानं ओला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसला, म्हणे पराटी दोन-दोन दिसून राह्यली. मंग तोंडातून लाळ गळाले लागली. मंग काही बोललाच नाही.

महागाव, तिथून पुसद, तिथून यवतमाळ. वॉर्डात पोहोचले तर रंजिता दारातच थबकली. रांगेनं माणसं. कोणाचे डोळे लाल भडक, कोणाची बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी, कोणाच्या तोंडाले फेस, कोणी पलंगाले बांधलेलं आन् नसलेल्या बैलाले हाकलून राह्यलं. सगळे पराटीतून उचलून आणलेले. तीन वर्षं हिरव्या पेनानं तिनं जे हसून हसून लिहिलं होतं ते सगळं इथी पांढऱ्या चादरीवर निजलं होतं, आन् ह्यात हसाचं काय होतं ते तिले आठवेना.

नेमसिंगचेबी हात बांधले. सात दिवस तो कुठी होता कोणाले माहीत. आठव्या दिवशी ताप उतरला, बडबड थांबली, हात सोडले. डोळ्यासमोर मात्र नुसतं धुकं. डॉक्टर तरणा पोरगा, डोळ्याखाली काळं झालेलं. त्यानं जमनीले नीट समजावून सांगितलं, "विष उतरलंय, ताई. नजर हळूहळू येईल, थोडा धीर धरा. पण आता यांच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. नाकातली नळी त्यांनी दोनदा उपटून टाकली. असंच राहिलं तर हातचा जाईल माणूस."

जमनीनं तांदळाची पेज कोमट केली, चमचा ओठाले लावला. ओठ मिटलेले.

"खा जी थोडं."

"मले नको," नेमसिंग म्हणे. आठ दिवसातले शुद्धीवरचे पहिले शब्द. "गिऱ्हा खाते का कुठी?"

जमनीचा चमचा तसाच राहिला. तिनं रंजिताकडं पाहिलं. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. जीभ झडो म्हणाली असती तर रंजितानं तिथीच कापून हातात दिली असती.

"बापू, तू गिऱ्हा नाही. तू दवाखान्यात हायेस. वाचलास तू."

"मले दिसत नाही. भूक नाही. तोंडाले औषधाचा वास. हात बांधले होते माहे." नेमसिंग एकेक गोष्ट बोटावर मोजून राह्यला, शांतपणानं, जसं रोजाच्या मुकादमाले सांगावं. "पंपातच मेलो मी. तुनंच तर लिहिलं."

शेजारच्या पलंगावर गोविंदा नावाचा कळंबकडचा माणूस होता. त्याचे डोळे टमाट्यासारखे, पण जीभ ठणठणीत. तो म्हणे, "बाई, तुह्या पुस्तकात माह्यासाठी एखादं भूत शिल्लक हाये का? आमच्या घरचे असंही मले खवीसच म्हणतात."

"खवीस हाये," नेमसिंगनंच सांगितलं. "पण दात पडले त्याचे."

"चालते. माहेबी दोन नाहीत."

अख्ख्या वॉर्डात खसखस पिकली. रंजिताले वाटलं आता बापूबी हसन. पण तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "शेवट नाही वाचला तुनं मले. माहं शेवटी काय होते, ते वाच. मंग पाहू खायचं."

शेवट लिहिलेला होता. त्या उन्हाळ्यातच लिहिला होता, आन् लिहून झाल्यावर आरशात पाहून ओढणी डोक्यावर घेतली होती बाईनं, का आपण आता मोठ्या लेखिका झालो. एकोणिसाव्या प्रकरणात गिऱ्हा कचेरीच्या अंगणात, भर उन्हात, टोकन हातात धरून वाळून जाते. म्हणूनच बापाले वाचून दाखवला नव्हता.

रंजिता एसटीनं महागावले गेली, तांड्यातून गठ्ठा आणला. येताना गाडीत पेन काढलं, नवा शेवट लिहू म्हणे. पेन कागदावर टेकवलं का गाडी खड्ड्यात, आन् गाडी रस्त्यावर आली का डोक्यात काही नाही. पाठकोऱ्या पानावर नुसत्या हिरव्या रेघोट्या. दारव्हा गेलं, लाडखेड गेलं, पान कोरंच.

दुपारी पलंगापाशी बसून तिनं गठ्ठा उघडला. समोर एकोणिसावं प्रकरण, आन् तोंडानं मात्र भलतंच. गिऱ्हा रांग सोडून निघाला, चालत चालत अरुणावतीच्या धरणावर गेला, तिथी पाणीच पाणी, निळं, गार, त्यानं उडी मारली, मासोळ्यायनं त्याले ओळखलं... रंजिता वाचत होती. वॉर्ड ऐकत होता. गोविंदा तर म्हणाला, "वा!"

"पान नाही उलटलं तुनं," नेमसिंग म्हणे.

"काय?"

"एवढं वाचलं, एकबी पान नाही उलटलं. माहे डोये गेले, कान नाही गेले. झेरॉक्सचा कागद वाजते." त्याचा आवाज अगदी हलका होता. "खरं वाच, बेटा. माहं मलेच खोटं कायले सांगते?"

रंजितानं खरं वाचलं. गिऱ्हा पायापासून वाळत वाळत वर आला. गुडघे गेले, कंबर गेली, शेवटी हातातलं टोकन फरशीवर पडलं, नंबर चारशे अकरा. झाडूवाली आली आन् झाडून घेऊन गेली.

"बरोबर हाये," नेमसिंग म्हणाला आन् त्यानं चादर तोंडावर ओढली. त्यानंतर त्यानं ओठ भिजवाले पाणीबी घेतलं नाही.

रंजिता जिन्याखाली जाऊन गठ्ठा फाडाले बसली. फाटन तर शपथ. दाभणानं, दुहेरी सुतळीनं शिवलेला, तीन वर्षाचं पक्कं काम. नखं तुटली, दातानं ओढलं, सुतळी हालली नाही. मंग ती त्याच्यावरच डोकं ठेवून रडली. आपणच लिहिलं, आपणच हो म्हटलं, आपणच वाचून दाखवलं. ज्या माणसानं तांडाभर तिचं कौतुक मिरवलं, त्याले तिनं पुस्तकात नेऊन मारलं, आन् आता तो तिथून परत येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवाळीची अमावस्या होती. चार वाजता भेटाले सोडलं तेव्हा जमनीनं कपड्याच्या पिशवीतून पितळेचा दिवा काढला. दहा दिवसाआधी, घरून निघतानाच, तिनं तो लुगड्यात गुंडाळून घेतला होता.

"आज मेरा हाये," जमनी म्हणे. "जा. म्हण त्याले."

मेरा म्हणजे तांड्यातली दिवाळी. लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघर जातात, देवाले, मोठ्या माणसायले, गाई-बैलालेबी मेरा म्हणतात. मोठा माणूस डोक्यावर हात ठेवते, तेव्हा पोरीनं पुढं जायचं. मेल्याले मात्र मेरा नाही. मेलेल्यायचे नाव दुसऱ्या दिवशी, विस्तवात घास टाकून. रंजितानं सात वर्षाची असल्यापासून एकबी मेरा चुकवला नव्हता.

"याडी, मेरा सांज पडल्यावर असते."

"सहा वाजता सिस्टर हाकलते. देव घेईन समजून, सिस्टर नाही घेणार. जा."

सिस्टर तर दिव्याची वात पाहूनच धावली. "अहो, ऑक्सिजन चालू आहे इथे! काडी ओढली तर सगळा वॉर्ड उडेल!"

"उडू द्या बाई," गोविंदा म्हणे, "निजून निजून कंटाळा आला."

"पेटवत नाही जी," रंजिता म्हणाली. "नुसता हातात धरते."

ती पलंगाशी जाऊन उभी राहिली. ना कीर्तन, ना ओढणी सावरणं. आवाज तर असा निघाला जसा बिघडलेल्या मशीनमधून कागद.

"बापू, तोन मेरा."

चादर हालली नाही. मंग आतून आवाज आला. "कोणाले म्हणते?"

"तुले."

"मेल्याले मेरा नाही म्हणत."

"मले माहीत हाये."

"मंग काहून म्हणते?"

"याडीनं धाडलं."

मंग चादर नाकापर्यंत खाली आली. डोळे उघडे, पण नजर कुठंतरी पंख्याकडं. "दिवा पेटला हाये का? मले उजेड दिसून नाही राह्यला."

रंजितानं खोटं बोलायले तोंड उघडलं. मंग मिटलं. "नाही पेटला, बापू. सिस्टर पेटवू देत नाही."

"बिनपेटला मेरा?"

"हो."

"असा मेरा आजवर झाला नसन," नेमसिंग म्हणाला. "सरळ पायाच्या हडळीवानी." आन् त्याच्या ओठाचा एक कोपरा, फक्त एकच, जरासा हालला.

रंजिता तशीच उभी राहिली. हात डोक्यावर पडल्याबिगर पोरगी हालत नाही, हा नियम. लहानपणी एकदा नेमसिंग रुसला होता, तर ती दिव्यातलं तेल सरेपर्यंत त्याच्यासमोर उभी राहिली होती. त्याले ते आठवत असावं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. साडेपाच झाले. दिव्यात तेल तसंच, सरणार तरी कशानं? जमनी पलंगाच्या पायथ्याशी पेजेची वाटी दोन्ही हातानं धरून बसली होती.

"हात ठेव ना बे," गोविंदा शेवटी खेकसला. "पोरीचे पाय दुखून राह्यले. भूत असला तरी बाप हायेस ना?"

"भुताचा आशीर्वाद लागते का?"

"ठेवून पाह्य. लागला तर लागला."

नेमसिंगचा हात चादरीतून निघाला. सुया टोचून टोचून निळा पडलेला. हवेत फिरला, सलाइनच्या खांबाले लागला, तिथून रंजिताच्या नाकावर आला, मंग वर सरकला. डोक्यावर थांबला. रंजिता खाली वाकली होती तरी तो म्हणे, "केवढी उंच झाली वं तू." आन् हात काढला नाही. तिच्या केसातच बोटं ठेवून, थोड्या वेळानं विचारते, "त्या गिऱ्ह्याचा नंबर किती होता?"

"चारशे अकरा."

"आन् खिडकीवर कितवा चालू होता?"

हे तिनं लिहिलंच नव्हतं. "दोनशे... दोनशे साठ असन."

"मंग कायले वाळवला त्याले?" नेमसिंग चिडला. खरंच चिडला, रोजावरच्या मुकादमासारखा. "नंबर आल्याबिगर रांग सोडते का कोणी? मूर्ख हाये का तो? कचेरीत माठ नाही का कुठी?"

"माठ हाये," रंजिता म्हणाली. नाक वाहून राह्यलं होतं, तिनं खांद्यालेच पुसलं. "व्हरांड्यात, खिडकीजवळ. गिलास नाही पण. साखळीले बांधला होता, कोणीतरी साखळीसकट नेला."

"मंग तर चांगलंच झालं. गिलास नाही म्हणजे पाणी कोणी काढत नाही. बसव त्याले माठात. नंबर आला का आवाज देतीन."

"किती दिवस बसवू?"

"बसू दे ना. तुले काय घाई हाये? तीन वर्षं झाले, आणखी तीन लाव."

जमनी उठून उभी झाली. चमचा पुढं केला. चमचा ओठाले लागला, ओठ मिटलेले, मंग ओठ उघडले. गिळताना त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली ते दोघीयनं पाहिलं. गोविंदा धरून तिघायनं.

"मीठ नाही," नेमसिंग म्हणाला.

"डॉक्टरनं नको म्हटलं जी."

"डॉक्टरले पाज मंग."

दुसरा चमचा गेला. तिसरा गेला. डोळे तसेच, पंख्याकडं, धुक्यात, आन् ते धुकं जाईन का नाही हे त्या दिवशी कोणी सांगू शकत नव्हतं. जमनीनं चौथा चमचा भरला, तर त्यानं हात वर करून तिले अडवलं.

"थांब," म्हणे, "बिडी होऊ दे."

"बिडी?" दारातून सिस्टर ओरडली. "इथे?"